कोयरी धरली, फूल सरकलं

रामदासआप्पांनी कोयरीवर माऊस नेला, बटण दाबून ओढलं. कोयरी जागची हलली नाही, तिच्याखालचं फूल सरकलं. तिसऱ्यांदा.

"आप्पा, हात स्थिर ठेवा ना," मी चिडून म्हणालो.

सुरतेतल्या पांडेसऱ्यातली साड्यांची प्रिंटिंग मिल. आप्पा तिथले जुने डिझायनर, मूळचे अमळनेरकडचे. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवर साडीचं डिझाइन मांडायचं म्हणजे नवलच होतं, आणि तो प्रोग्रॅम मी नोकरी सोडून सहा महिने खपून लिहिला होता. मिलचे शेठ मागेच उभे होते.

"बपोर सुधीमां आप्पा पोते पालव गोठवी आपे तो राखीश," ते म्हणाले. "नहीं तो तमारो डब्बो पाछो."

दुपारपर्यंत आप्पांनी स्वतः पदर मांडून दाखवायचा, नाहीतर मी डबा, म्हणजे कॉम्प्युटर, उचलून चालतं व्हायचं. म्हणजे जुन्या साहेबांच्या दारात पुन्हा उभं राहणं आलं.

माऊस कॉम्प्युटरला फक्त दोन आकडे कळवतो: डावीकडून किती, वरून किती. त्या ठिकाणी फूल आहे की कोयरी, हे प्रोग्रॅमनं डिझाइनमधल्या बुट्ट्यांची यादी एकेक करून तपासून ठरवायचं. याला हिट टेस्ट म्हणतात. घरी माझी हिट टेस्ट एकदाही चुकली नव्हती. म्हणून मी आप्पांच्या हाताला दोष देत बसलो.

आप्पा उठले आणि मला त्यांच्या टेबलापाशी घेऊन गेले. तिथे ट्रेसिंग पेपरचे कापलेले बुट्टे एकमेकांवर चढवून ठेवले होते. पदर ते असाच जुळवायचे.

"हाई देख भाऊ. वर कोयरी, खाल फूल. हात घाला ते वरना कागद हातमा येस ना? तुना डब्बा खालना काबर उचलस?"

डबा खालचा का उचलतो, ते मला तिथेच कळलं. जे आधी काढलं ते यादीत पहिलं, आणि पडद्यावर सगळ्यात खाली. माझा लूप, म्हणजे यादी एकेक करून तपासणारा भाग, यादीच्या सुरुवातीपासून शोधायचा आणि पहिलं सापडलं की थांबायचा. खालचं फूलच सापडणार! घरी मी बुट्टे वाळत घातलेल्या पापडांसारखे सुटे ठेवून तपासले होते. पदरात ते तसे कधीच नसतात.

कॉम्प्युटरपाशी परत येऊन लूप उलटा केला, शेवटापासून सुरुवातीकडे. एका ओळीचा बदल. प्रोग्रॅम कंपाईल होऊन पुन्हा सुरू झाला तसा मी माऊस आप्पांच्या हातात दिला.

आप्पांनी कोयरी धरली, ओढली. कोयरी आली! मी खुर्चीतच उसळलो. आप्पांनी मात्र माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसरी कोयरी, वेल, मग काठ, त्यांचा हात सुटला तो सुटलाच.

जेवणाची वेळ झाली. "आप्पा, जमवा हालो," शेठनी जेवायला बोलावलं.

"थांबा शेठ, हाऊ कोपरा ऱ्हायना." तेवढा राहिलेला कोपरा भरून आप्पांनी पदर पुरा केला.

शेठनी पडद्यावरचा पदर बराच वेळ न्याहाळला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डब्बो रहेवा दो."

त्या दिवशी मी हवेत होतो. आप्पांची माफी मागायची राहिली, ती दुसऱ्या दिवशी मागितली. तेव्हापासून कुणी म्हणालं की प्रोग्रॅम चुकतोय, तर मी आधी त्याचं काम बघतो आणि मग तोंड उघडतो.