ऋता ऊर्फ मिलिंद

"मॅम, बस हो गया. रविवारचं तिकीट काढलंय. बाबांना साताऱ्याला सोडून येते."

ऋताने खुर्चीत बसता बसता हे जाहीर केलं. शेजारी तिचे बाबा, शिंदेकाका, माझ्याकडे बघून ओळखीचं हसले.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, फरीदाबादच्या एका हॉस्पिटलात. स्ट्रोकनंतर बोलणं अडलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे माझं काम. स्ट्रोक म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा कुठेतरी अडणं. काकांचा तो भाषेच्या भागात अडला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द निसटू लागले. त्याला आम्ही अफेजिया म्हणतो.

"साताऱ्याला कोण आहे?" मी विचारलं.

"मिलिंद. माझा चुलतभाऊ. आई गेल्यापासून बाबांचं सगळं मी करतेय, आणि मला बघून म्हणतात मिलिंद! मला बिल्कुल ओळखत नाहीत. तोच हवाय ना, मग राहू दे त्याच्याकडे."

रडू आवरायला ती मोबाइलमध्ये बघू लागली. मला तिचा रागही आला आणि दयाही.

"अगं, अफेजिया म्हणजे विसरणं नव्हे. माणूस डोक्यात पक्का असतो, फक्त त्याचं नाव सापडत नाही. फळीवरचा साखरेचा डबा काढायला जावं आणि हाती शेजारचा रव्याचा यावा, तसं. तू आणि मिलिंद घरातलीच मुलं. एकाच फळीवरची."

तिला पटलं नाही. मी काकांकडे वळले. "काका, ऋता कुठंय? बोट दाखवा."

डाव्या हाताचं बोट लगेच तिच्याकडे गेलं.

"समोर मीच तर बसलेय. और किसको दिखाएँगे?"

पोरगी वकिलाच्या वरताण. मी तिला घरून आणलेला डबा उघडायला सांगितलं. माझ्या चित्रांच्या कार्डांपेक्षा घरचं खाणं सरावाला बरं. डब्यात पोहे होते.

"हे काय, काका?"

"उ... उपमा."

"बघ, शेजारचा डबा," मी म्हणाले. ऋता हसली नाही.

"बाबा, मी कोण?" तिने थेट विचारलं.

काका झगडले. कपाळावर घाम आला. "मि... मिलिंद." चुकलं हे त्यांनाही कळलं. त्यांनी जोरात मान हलवली, डोळे भरले. ऋताने तोंड फिरवलं.

मग काकांनी डबा जवळ ओढला आणि डाव्या हाताने पोह्यांतले शेंगदाणे वेचून झाकणात ठेवू लागले. दोन-तीन खाली सांडले. मला वाटलं, चावायला जड जातात म्हणून काढताहेत. झाकणात मूठभर जमले, तसं त्यांनी ते ऋताकडे सरकवलं.

तिने झाकण उचलून मांडीवर घेतलं.

"लहानपणी मी पोहे खायचेच नाही," ती हळूच म्हणाली. "नुसते शेंगदाणे. बाबा स्वतःच्या प्लेटमधले वेचून मला द्यायचे."

"आणि मिलिंदला?"

"नाही. फक्त मला."

तिने एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली. मीही डोळे पुसले. थेरपिस्टने रडू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

तिकीट रद्द झालं. माझ्या थेरपीचं म्हणाल, तर पोह्यांना काका आता पोहे म्हणतात. ऋता हे नाव अजून सापडलेलं नाही. मी मात्र आता नव्या पेशंटच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी बजावते, नाव विचारून परीक्षा घेऊ नका.

परवा काकांनी माझ्या खोलीच्या दारातूनच हाक मारली, "मिलिंद!"

बिलाच्या रांगेतून ऋता ओरडली, "आले, बाबा!"