बाईंचंही एकच मत

स्वतःचा निर्णय घ्यायला इतकी घाबरणारी आणि दुसऱ्यांना सतत निर्णय घ्यायला लावणारी बाई अख्ख्या मावळात माझ्या मावसबहिणीशिवाय दुसरी सापडायची नाही. वडिवळ्याच्या शाळेत ती तिसरी-चौथीला शिकवायची. एकदा आम्ही बहिणी लोणावळ्याला गेलो, तर भुशीला जायचं की कार्ल्याला यावर हिने प्रत्येकीला बाजू मांडायला लावली. ऐकता ऐकता संध्याकाळ झाली आणि आम्ही स्टँडवर भजी खाऊन परत आलो. माझी पोरगी चार वर्षांची असताना ही तिला विचारायची, आधी जेवायचं की आधी खेळायचं? पोरगी म्हणायची खेळायचं, मग घरातले सगळे उपाशी.

वर्गातही तेच. नागरिकशास्त्र नुसतं पुस्तकातून शिकवायला तिचा साफ नकार. प्रश्न निघाला की 'हो'वाल्यांनी खिडकीपाशी उभं राहायचं, 'नाही'वाल्यांनी दाराशी. मग कारणं सांगायची, दुसऱ्याचं पटलं तर बाजू बदलायची. बाईंचंही एकच मत, पोरांइतकंच. अंगणातलं डबकं बुजवायचं का, यावर पोरांनी बेडकांची बाजू घेतली आणि हेडमास्तर पावसाळाभर पँट वर धरून उड्या मारत शाळेत येत राहिले. ते कुरकुरले तर हिने शांतपणे सांगितलं, मुलांनी ठरवलंय सर.

अशात मावशी, म्हणजे हिची आई, पडली. सोमाटण्याच्या घरात एकटी, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि घर सोडून कुठंही यायला तयार नाही. बहिणीला तिकडच्या शाळेत बदली मिळत होती, नुसतं हो म्हणायचं होतं. पण पोरांतून हिचा पाय निघेना. आज सांगते, उद्या सांगते. माझं डोकंच फिरलं. तिला झापायला मी थेट वडिवळ्याला गेले, तर ही बया तोच प्रश्न वर्गापुढं मांडून बसलेली. बाईंनी जावं का?

एक सोडून सगळी पोरं दाराशी. हीसुद्धा त्यांच्यात जाऊन उभी, सुटल्यासारखी. मला तर असा संताप आला! खिडकीपाशी एकटीच एक चिमुरडी उभी होती. तिला कारण विचारणं भागच होतं.

"बाई, मी पडल्याव माजी आय येती," ती म्हणाली. "तुमची तर आयच पडलीया. तिच्याकडं कोन जानार?"

मग एक पोरगा खिडकीकडं गेला. त्याच्यामागं दोघी गेल्या. एकजण तर रडत रडत गेला. शेवटी दाराशी बाई एकट्याच उरल्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि त्याही खिडकीकडं निघाल्या.

मावशी दिवाळीनंतर गेली. तोवर रोज सकाळी तिची वेणी हिनेच घातली. आता ही सोमाटण्याच्याच शाळेत असते. परवा सहज म्हणाली, "त्या दिवशी मी पोरांच्या आड लपले होते गं."

मी नुसता तिचा हात धरला. खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या पोरीला मात्र मी तेव्हा जवळ घेतलं नाही. ते राहूनच गेलं.