भगवानरावांची शिकवणी

शांत, संयमी, मृदू स्वभावाचा गुरू हरपला, असं सोलापुरातल्या शोकसभेत प्रत्येक वक्त्याने गंभीरपणे सांगितलं. डॉ. भगवानराव दुपारी जेवून झोपले, ते उठलेच नाहीत... एवढी शांत गोष्ट त्यांनी आयुष्यात दुसरी केली नसावी. मी त्यांचा भूलतज्ज्ञ. त्यांच्या ऑपरेशन थिएटरात पेशंट सोडून कुणी निवांत असल्याचं मला आठवत नाही.

आमच्या रुग्णालयात ऑपरेशनचा रोबो आला तेव्हा मंत्र्यांनी त्याच्या हाताला हार घातला. पाहुणे जाताच भगवानरावांनी तो ओरबाडून काढला आणि खाटकाकडून आणलेली बोकडाची आतडी टेबलावर टाकली. शिकायला येणारे सगळे पदवीधर सर्जन. त्यांना आधी ही आतडी रोबोने फाडायला लागत. कारण कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून, पडद्यात बघत यंत्राचे हात हलवताना बोटांना काहीच जाणवत नाही. किती ताणलंय ते डोळ्यांनीच ओळखायचं. भगवानराव सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातले. रागावले की घरची बोली यायची. "वढ अजून. फाटायच्या आधी पांढरं पडतंय, दिसलं का? न्हाय? मग परत फाड." तरीही न दिसणाऱ्याच्या पाठीत गुद्दा बसे. अक्कलकोटच्या इरण्णाने सर्वांत जास्त खाल्ले.

पुढे हाच इरण्णा रोबोने एका बाईचं मूत्रपिंड काढत असताना मोठी शीर फाटली. कॅमेरा रक्तात बुडाला, पडदा लालभडक... इरण्णा खुर्चीतच थिजला. टेबलाशी उभ्या भगवानरावांनी यंत्राचे हात बाहेर काढले, सपकन पोट उघडलं आणि मनगटापर्यंत मूठ आत घालून शीर दाबून धरली. मी रक्ताच्या पिशव्या पिळत होतो.

"इरण्णा, हात धू आन् ये. शिव."

"सर, माझ्याच्यानं होणार नाही."

"तू फाडलंस, तूच शिवायचं. आज पळालास तर परत सुरी धरशील व्हय?"

तो रडत रडत शिवत होता. बाई वाचली.

भगवानरावांनी बाहेर येऊन नातेवाइकांना झालं ते सांगितलं. बाईच्या भावाने आधी दाराची काच फोडली, मग लोखंडी खुर्ची उचलली. "कुनी फाडली शीर? नाव सांगा."

इरण्णा पुढे सरकला. भगवानरावांनी त्याला कोपराने मागे ढकललं.

"मी फाडली. हितं शिकवणारा मीच हाय की."

खुर्ची त्यांच्या उजव्या हातावर बसली. हाडं मोडल्याचा आवाज मला भिंतीपाशी ऐकू आला. त्यांनी तक्रार केली नाही, आणि पुढच्याच आठवड्यात इरण्णाला पुन्हा रोबोच्या खुर्चीत बसवलं. आज तिथे तोच शिकवतो.

त्या हाताची करंगळी आणि अनामिका मात्र पुन्हा वाकल्या नाहीत. सर्जनच्या कात्रीत अंगठ्याबरोबर अनामिका घालावी लागते. रोबोच्या मुठीला अंगठा आणि मधलं बोट पुरतं. त्यानंतर भगवानरावांनी यंत्राशिवाय एकही ऑपरेशन केलं नाही. पोट उघडायची वेळ आलीच तर शेजारी इरण्णा असे. रुग्णालयाच्या स्मरणिकेत याला दूरदृष्टी म्हटलं आहे.