पुढच्या खेपेस

अख्ख्या डोंबिवलीत मोक्षाला घाबरणारी बाई एकच होती, आणि ती आमच्या घरात राहायची. माझ्या नवऱ्याची विधवा आत्या. तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो. तेव्हा दिवेलागणीनंतर गाव काळोखात बुडून जायचं, साप निघायचे, चोर यायचे, म्हणजे घाबरायला पुष्कळ होतं. पण आत्याबाईंना भीती एकच. आपल्या हातून चुकून जास्त पुण्य घडेल आणि देव आपल्याला कायमचं सोडवून टाकेल.

पुण्य वाढू नये म्हणून त्या फार जपत. एकादशीला मुद्दाम कांदा मागून घेत. देवळात कीर्तन रंगात आलं की हळूच उठून बाहेर पायरीवर तपकीर ओढत बसत. गोसाव्याला पीठ घालत, पण घालताना दोन शिव्याही देत, म्हणजे फिट्टंफाट. कुठलंही काम पुरतं करायच्या नाहीत. गोधडीचा एक कोपरा बिनशिवलेला, वाती अर्ध्याच वळलेल्या. मुलांना गोष्ट सांगायला बसल्या की राजपुत्राला राक्षसाच्या दारात उभा करून आपण झोपायला जात. मी ओरडले की म्हणत, "राहू दे गं. अर्धवट राहिलं की माणसाला परत यावं लागतं."

"तुम्ही परत याल तेव्हा याल. आज त्या वाती कोण वळणार?"

त्या तपकिरीची डबी शोधायला लागत.

माझे धाकटे दीर याच्या अगदी उलट. ठाण्याला कचेरीत कारकून, पण जीव सगळा परलोकात. त्यांना लहानपणी आत्याबाईंनीच सांभाळलेलं, म्हणून आत्याला सद्गती मिळवून द्यायची हा त्यांचा हट्ट. एका वर्षी त्यांनी तिला काशीला न्यायचं ठरवलं. वळकटी, फराळाचे डबे, पाण्याचा फिरकीचा तांब्या, सगळा लवाजमा कल्याण स्टेशनावर. गाडी आली आणि आत्याबाई वळकटीवर बसूनच राहिल्या.

"आत्या, चल, गाडी सुटेल."

"सुटू दे. तिथे मेलं की माणूस सुटतं म्हणतात. घाटावर पाय घसरला म्हणजे?"

"अगं, मग चांगलंच की!"

"तुला चांगलं. तू जा."

भाऊजी एकटे गेले आणि गंगेचा गडू घेऊन आले. देवघरात तो ठेवला, तेव्हापासून आत नाग असल्यासारख्या आत्याबाई त्याला वळसा घालून जात.

मागच्या परसात कापा फणस होता. फणस फोडला की आत्याबाईच हाताला तेल लावून बसत. गरे काढत, सगळ्यांना वाढत, आणि स्वतः एकही तोंडात घालत नसत. "घ्या ना," म्हटलं की, "पुढच्या खेपेस." दर वर्षी हेच. पुढच्या खेपेस म्हणजे पुढच्या वर्षी, असं मी समजत होते.

एका दुपारी मी सरळ विचारलं, "तुम्हाला फणस आवडत नाही का?" त्यांचा विळीवरचा हात थांबला. "फार आवडतो," म्हणाल्या. आणि जन्मात एक गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत सांगितली. त्यांना मुलगी होती, बनी. चार वर्षांची असताना तापाने फणफणली. घरात फणस फोडलेला, वास सुटलेला. आई, गरा दे, म्हणाली. वैद्याने बजावलं होतं, म्हणून यांनी दिला नाही.

"म्हटलं, बरी हो, मग देईन, पुढच्या खेपेस. पहाटे गेली. मागत गेलेला जीव परत येतो गं. ती येणार. आणि मी सुटून बसले तर तिला गरा कोण देणार?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मीही एक मूल मातीत दिलं आहे, ते काही आलेलं नाही. मी तेलाची वाटी त्यांच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "नीट काढा, गरा फाटतोय."

पुढे भाऊजींना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "वहिनी, हीच ती वासना. हीच तोडायला हवी."

मग एका वैशाखात आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. वाचा गेली. भाऊजी उशाशी बसले, एका हातात गंगेचा गडू, दुसऱ्या हातात गऱ्यांची वाटी. आधी इच्छा पुरवायची, मग गंगा घालायची, म्हणजे जीव अडकत नाही. आत्याबाईंनी दात आवळून घेतले आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"आत्या, एवढा एक खा गं, माझ्यासाठी," भाऊजी रडत होते. शेवटी चमच्याने दात उघडायला लागले, तेव्हा मी गडू आणि वाटी दोन्ही काढून घेतली.

"वहिनी, तिची गती अडवताय तुम्ही!"

"त्यांचं तोंड आहे, भाऊजी. त्यांना नको आहे."

"मग जाईल कुठे ती?"

"जायचं तिथे जातील."

संध्याकाळी त्या गेल्या, कोरड्या ओठांनी. गरे मी गाईला घातले.

दहाव्याला पुरुष कल्याणला खाडीकाठी गेले. भाऊजींनी पिंडाशेजारी गरे ठेवले होते. कावळे झाडावर बसून होते, पण पिंडाला शिवायला एकही खाली उतरेना. ऊन डोक्यावर आलं. भाऊजींनी हात जोडून सुचेल ते कबूल केलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी आले तेव्हा भाऊजींचं तोंड उतरलेलं होतं.

"आत्या अडकली, वहिनी. कावळा शिवला नाही."

"बरं झालं," मी म्हटलं आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

त्यांनी दोन घोट घेतले. मग लहान मुलासारखं विचारलं, "भेटेल म्हणता तिला बनी?"

"भेटेल," मी म्हटलं. मला काय ठाऊक!

मी फणस खाते, पोट दुखेपर्यंत खाते. मला परत यायचं नाही, एकदा झालं तेवढं पुरे. परसातलं झाड कधीच गेलं, तिथे इमारत उभी आहे. पण वैशाखात बाजारात फणसवालीपाशी एखादी पोर पदर ओढून "आई, गरा दे" म्हणाली की मी पिशवी खाली ठेवते आणि उभी राहते. आई देते का, तेवढं बघते. दिला, की मग घरी येते.