गुडघा टेकव, बसू नको

काच चार बोटं खाली झाली. गाडीतून वहिनी म्हणाल्या, "एवढी साडी कशाला नेसून आलीस गं? स्थळ मंदासाठी पाहायचंय, तुझ्यासाठी नाही."

आणि काच वर.

मी पारोळा रोडवर उभी. धुळं अजून दोन-तीन मैल. अंगावर लग्नातली हिरवी साडी, केसांत अबोली, हातात भरलेली बादली, बगलेत पॉलिशचा डबा. पाठीमागे हापशीवर सात-आठ बाया. त्यांनी हापसणं थांबवलेलं. सगळ्या माझ्याकडे बघताहेत.

मला आता नातवंडं आहेत. निम्मे दात गेलेत. तरी ती हिरव्या साडीतली येडी डोळ्यांपुढे आली की आधी हसू येतं. राग नंतर येतो. पण येतो.

तेव्हा मी चोवीसची होते. जळगावला केळीच्या एका व्यापाऱ्याच्या बंगल्यावर धुणी-भांडी करायची. मालकाला सगळं जग भाऊ म्हणायचं, मालकिणीला वहिनी. मीही म्हणायचे. म्हणता म्हणता मला खरंच वाटायला लागलं, हे आपले भाऊ, ह्या आपल्या वहिनी. अक्कल म्हणून जी काय वस्तू असते, ती त्या बंगल्याच्या फाटकाबाहेर चपलांसोबत काढून ठेवत असे मी.

त्यांनी गाडी घेतली. गडद निळी. त्या गल्लीत पहिली. पहिले सहा महिने ड्रायव्हर धुवायचा. तो सोडून गेला, भाऊ स्वतःच चालवायला लागले, आणि गाडी धुवायला कोणी उरलं नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच म्हटलं, "वहिनी, मी धुऊ का?" अशी लाडात येऊन म्हटलं, जसं काय त्या मला पेढा देणार होत्या.

त्या म्हणाल्या, "धू. पण घासणीनं नको घासू."

घासणी काय, मी तर तिला लेकरासारखी न्हाऊ घालायचे. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ वाईट. कोरड्या फडक्यानं पुसली की कणानं रंगावर रेघ उठते. म्हणून आधी नुसतं पाणी, वरून, धूळ आपोआप उतरेपर्यंत. मग छत, मग पुढचं बॉनेट, मग दारं. चाकं सगळ्यात शेवटी, आणि चाकाचं फडकं वेगळं. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्यानं. चकचकीत पट्ट्यांना दंतमंजन. काचांना ओला पेपर. महिन्यातून एकदा पॉलिश. ते उन्हात लावायचं नाही, पत्रा तापलेला असला की पांढरे चट्टे बसतात. सकाळी पोर्चच्या सावलीत बोटभर घ्यायचं, मऊ धोतराच्या फडक्यानं गोल गोल लावायचं, वाळून धुरकट झालं की कोरड्या फडक्यानं घासत राहायचं, पत्र्यात आपले दात दिसेपर्यंत. दात दिसले की मी हसायचे. पत्र्यातली मी पण हसायची. दोघी सारख्याच.

हे मला कोणी शिकवलं नाही. एकदा चट्टे पाडले, वहिनींची बोलणी खाल्ली, शिकले. भाऊंचे मित्र यायचे, म्हणायचे, "गाडी शोरूममधून आत्ताच काढली की काय?" भाऊ म्हणायचे, "ठेवावी लागते तशी." मी भिंतीआड उभी राहून ऐकायची. ती तारीफ माझीच आहे असं समजून फुगायची.

आतूनही मीच साफ करायची. पायाखालच्या रबरी चटया काढायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. सीटवरची धूळ झटकायची. त्याचा एक नियम होता. पहिल्याच दिवशी वहिनी म्हणाल्या होत्या, "गुडघा टेकव, बसू नको."

म्हणजे एक पाय बाहेर, एक गुडघा आत, कंबर वाकवून, हात लांब करून पुसायचं. दोन वर्षं मी त्या गाडीत गुडघ्यापर्यंत गेले. आणि मला त्याचं काही वाटलं नाही, हे लिहायला आज लाज वाटते. मला वाटायचं, सीट नवी आहे, खराब होईल, बरोबर आहे वहिनींचं. एक इच्छा मात्र होती. एकदा बसायचं. पाठ टेकून. काचेतून बाहेर बघायचं, आणि बाहेरच्यांनी मला बघायचं.

होळी आटोपली आणि भाऊंच्या मुलीला, मंदाताईला, धुळ्याचं स्थळ आलं. मोठं घर होतं. मुलाचं घर पाहायला भाऊ, वहिनी आणि भाऊंचे थोरले भाऊ आबा जाणार होते. आदल्या दिवशी मी गाडीवर पॉलिशचे दोन हात मारले. वहिनी पोर्चमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "तू पण उद्या धुळ्याला यायचंयस."

मी मान हलवली.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत एक घर मी सोडलं नाही. "उद्या धुळ्याला चालले. गाडीतून." शेजारच्या शेवंताला तर दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलंस की मघाशी." मी म्हटलं, "हो का?" नवऱ्यानं विचारलं, "तिघं माणसं आणि तू? कशाला?" मी म्हटलं, "घरचं माणूस म्हणून." तो कुशीवर वळला.

पहाटे पेटीतली साडी काढली.

बंगल्यावर गेले तर वहिनींनी बसचे पैसे हातात ठेवले, आणि बादली. म्हणाल्या, "रस्त्याची धूळ बसणार गाडीवर. तशीच त्यांच्या दारात कशी न्यायची? तू आधी यष्टीनं जा. धुळ्याच्या अलीकडे हापशी आहे रोडला लागून, तिथं पाणी भरून थांब. येताना बसशील आमच्यासोबत."

ह्या शेवटच्या वाक्यावर मी गेले. येताना बसशील. यष्टीत खिडकीशी बसले, मांडीवर बादली, बादलीत डबा आणि फडकी. कंडक्टर म्हणाला, "ताई, लग्नाला का न्हाणीला?" लोक हसले. मी त्याच्याकडे असं बघितलं जसं काय माझी गाडी आज दुरुस्तीला गेलीय म्हणून यष्टीत बसलेय.

हापशीवर उतरले. बायांची रांग होती. माझं माहेर शिरपूरकडचं, अहिराणीतच वाढलेली मी. पण बंगल्यात लागल्यावर मी 'शे' सोडून 'आहे' धरलं होतं. एका म्हातारीनं विचारलं, "कोनी वाट देखी ऱ्हायनी वं बहीन?"

मी तोंड वर करून म्हटलं, "आमची गाडी येते आहे. जळगावहून. तिला पाणी हवं आहे."

"तुम्हनी गाडी शे?"

"हो. आमचीच."

"मंग तू यष्टीमा कसी काय उनी?"

बाया फिसकन हसल्या. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तरी त्यांनी मला पुढे घेतलं. पाणी अर्धी बादली झालं की हापशीला दम लागायचा, थांबावं लागायचं. माझी बादली त्यांनी भरू दिली. साडीकडे बघून दिली असेल, नाहीतर येडी आहे म्हणून.

मग गाडी आली. काच चार बोटं खाली झाली. ते वाक्य वर लिहिलंय.

भाऊ आणि आबा उतरून निंबाखाली जाऊन उभे राहिले. वहिनी आतच राहिल्या, शालूचे काठ मातीत नको म्हणून. त्यांच्या शेजारी सीटवर केळ्यांची टोपली, वर लाल कापड. टोपलीखाली स्वच्छ टॉवेल अंथरलेला. टोपली ऐसपैस बसली होती.

मी धुवायला लागले. पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या. पाणी वरून सोडलं. छत, बॉनेट, दारं. चिखलाचे ओघळ साडीवर. काच पेपरनं पुसताना आत वहिनी, बाहेर मी, मध्ये वितीचंही अंतर नाही. त्या पर्समधल्या आरशात टिकली बघत होत्या. एकदा काचेवर टकटक केलं आणि बोट दाखवलं, इथं राहिलंय. मी तिथं पुसलं.

एक बादली पुरली नाही. दुसरी मागायला हापशीकडे वळले. आबा निंबाखालून म्हणाले, "ए, लवकर, मुहूर्त टळतोय." त्यांना माझं नाव माहीत नव्हतं असं नाही.

सगळं पाणी ओतलेलं बघून एक बाई म्हणाली, "बठ्ठं पानी गाडीवर वती दिनं." आणि म्हातारी, माझ्या तोंडाकडे बघत, अगदी सावकाश म्हणाली, "माय वं, तुन्ही गाडी तं तुले वळखस बी नही."

ह्यावर कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी चकाचक होऊन धुळ्यात गेली. वहिनी म्हणाल्या, "इथंच थांब." मी थांबले. तीन तास.

म्हातारीचं घर रोडलाच होतं. तिनं ओट्यावर बसवलं. "पानी पी ले पहिले." मग भाकरी आणि ठेचा दिला. मी खाल्ला. उपाशी होते, हे तेव्हा लक्षात आलं. तिनं सगळं विचारून घेतलं, किती वर्षं काम, किती दिवसांनी धुतेस. आणि मग लहान पोरासारखं कुतूहलानं म्हणाली, "दोन वरीस धुयी तू. मझार बठीसन कसं लागस?"

आत बसल्यावर कसं वाटतं.

मी तिला सीटचा रंग सांगू शकत होते. शिवण कुठं उसवलीय ते सांगू शकत होते. मागच्या सीटच्या फटीत मंदाताईची पिन अडकलीय, तेसुद्धा. ह्या एका प्रश्नाला उत्तर नव्हतं. घास तोंडात तसाच राहिला. म्हातारी समजली. तिनं पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं माझं आयुष्य त्या घासापाशी वळलं. पण एवढी शहाणी मी लगेच झाले नाही. साडी उन्हात धरून वाळवत बसले होते, बसायचंय म्हणून.

दुपारी गाडी आली. स्थळ पसंत पडलं होतं, सगळे खुशीत. टोपली धुळ्यातच राहिली होती. वहिनींच्या शेजारी पूर्ण एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी. मी दार उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा बसायला म्हणून उघडलं. एक पाय आत ठेवला.

वहिनी म्हणाल्या, "सीटवर नको. साडी ओली आहे तुझी."

"वाळली वहिनी."

"वाळली तरी चिखलाची आहे. खाली बस, पायाशी. चटई आहे."

पुढून आबा हसले. "नाहीतर डिकी मोठी आहे."

भाऊ म्हणाले, "बस गं लवकर. उशीर होतोय." मागे वळूनही न बघता.

मी चटईकडे बघितलं. आदल्या दिवशी मीच धुतलेली. टोपलीखालचा टॉवेल अजून सीटवर होता. केळीसाठी टॉवेल होता. माझ्यासाठी टॉवेल नव्हता.

मी पाय बाहेर काढला. हापशीवरची बादली आणली, बुडाला चांगला चिखल होता, आणि ती त्या मोकळ्या सीटवर ठेवली. टॉवेल बाजूला सरकवून ठेवली, मुद्दाम. वर पॉलिशचा डबा.

वहिनी ओरडल्या, "वेडी झालीस का?"

मी म्हटलं, "ही तुमची. हिला बसू द्या. माले नही बठनं."

अहिराणीत गेलं तोंडातून. इतक्या वर्षांनी. भाऊ आता वळले. म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

मी म्हटलं, "तेच सांगते आहे."

दार लावलं. जोरात नाही. पत्रा माझ्याच हातचा होता.

मागे म्हातारी उभी होती. तिनं मला यष्टीच्या थांब्यापर्यंत सोबत केली, सगळा रस्ता आपल्या गुडघेदुखीबद्दल बोलत. माझ्या पदराच्या गाठीला बांगड्यांसाठी जपलेले पैसे होते. त्याचं तिकीट काढलं.

गल्लीत पोचले तर सगळ्या जणी ओट्यावर. शेवंतानं विचारलं, "काय गं, कशी होती गाडी?" कालची मी असते तर थाप मारली असती. मऊ होती, गार वारा होता, सांगितलं असतं. मी सगळं सांगितलं. कंडक्टर, हापशी, टोपली, चटई, डिकी. बादलीपाशी आले तेव्हा त्या पोट धरून हसल्या. मीही हसले. मग शेवंता म्हणाली, "माझ्या बंगल्यात संडास मी धुते. मला जायचं असलं तर नाल्यावर पाठवतात." दुसरी म्हणाली, तिच्याकडे पंखा ती पुसते, पण ती स्वयंपाकघरात असली की तो बंद करतात. एकेक निघायला लागलं. आम्ही रोज एकत्र कामाला जायचो आणि हे आजवर कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकीला वाटायचं, आपलं घर चांगलं आहे.

नवरा चिडला. काम गेलं, चूल कशी पेटायची, त्याचं खरं होतं. त्या महिन्यात दोनदा पेटली नाही. मी त्याला म्हटलं, काम शोधीन. पण आता दारात उभी राहून आधी बोलीन.

आणि बोलले. नव्या घरी गेले की बाई पगार सांगायच्या, वेळ सांगायच्या. मी म्हणायची, माझंही एक ऐका. तुमचे कप मी विसळीन. चहा द्याल तो त्याच कपात द्या, आणि बसायला द्या. ज्या कपाला माझा हात चालतो, त्याला माझं तोंड चाललं पाहिजे. नसेल चालत तर आत्ताच सांगा, मी चप्पल अजून काढलेली नाही.

पहिल्या घरातली बाई म्हणाली, "फार बोलतेस." दुसरीनं दार लावून घेतलं. तिसरी म्हणाली विचार करून सांगते, आणि मी विचार संपायची वाट बघितली नाही. चौथ्या दारातले लोक हो म्हणाले. नसते म्हणाले, तरी पाचव्या दारात हेच बोलणार होते मी, आणि सहाव्या दारातही.