बुटकी खुर्ची

कोरेगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मंडपवाल्यांचं गोदाम आहे. लग्नाकार्याला भाड्यानं खुर्च्या द्यायच्या आणि उरल्या वेळात लोकांची मनं नीट करायची, असा त्यांचा जोडधंदा. कोर्स मोबाइलवर केलेला. माणसात अनेक भाग असतात म्हणे, म्हणून ते प्रत्येक भागाला खुर्ची मांडतात: रागाला लाल, भीतीला निळी, आणि आतल्या बारक्या पोराला बालवाडीतली बुटकी. "आवं, भीतीला हाकलू नगा, च्या पाजा तिला," असं ते इतक्या मायेनं सांगतात की मीही माझा जुना राग दोनदा तिथं बसवून आलो.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांचे वडील काठी आपटत आत आले. "खुर्च्या अजून हितंच व्हय रं?"

पन्नाशीच्या त्या माणसानं दोन्ही तळवे झटकन पाठीमागं लपवले. म्हातारा लाल खुर्चीत ऐसपैस बसला.

"तात्या, ती..." एवढंच ते म्हणाले. मग मुकाट्यानं बाकीच्या खुर्च्या टेम्पोत चढवल्या. बुटकी तेवढी भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बारक्याला हे दिसाया नगं."