मॅलकीचं बंद पडणारं घड्याळ

आमच्या गावातल्या शुक्रवारच्या नाचाला आठ माणसं लागतात, आणि त्यातला एक कायम मॅलकी हेहिर. चाळीस वर्षं दारोदार पत्रं टाकलेला पोस्टमन. बायकोचा, डिंपनाचा, हात धरून तो असा गिरकी घ्यायचा की क्लेअर परगण्यातल्या साऱ्या विधवा उसासे टाकायच्या. मीही त्यातलीच, लपवत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याचा डावा पाय मागे रेंगाळायला लागला. "मी आता नाचत नाही," म्हणाला आणि घरी बसला. त्यातच त्याचं निवृत्तीला मिळालेलं मनगटी घड्याळही रुसलं, सारखं बंद पडायला लागलं. किल्ली नको, हात हलला की चालणारं. तीनदा एनिस शहरातल्या घड्याळजीला दाखवलं. तो म्हणे, दोष काहीच नाही.

"तू निवृत्त झालास, तसं तेही झालं," मी म्हटलं.

शेवटी डिंपनाने त्याला आमच्या डॉक्टर टाल्टीबाईंकडे नेलं. गाडी माझी, म्हणून आतही मी. बाईंनी त्याला व्हरांड्यात चालवलं, मनगट वाकवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आठवडाभर घड्याळ उजव्या हातात बांधा."

आठवडाभर ते एक मिनिट चुकलं नाही!

पुन्हा गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "घड्याळ ठणठणीत आहे, मॅलकी. चालताना तुमचा डावा हात हलत नाही." मग एकेक प्रश्न. वास येतो का? झोपेत हातपाय झाडता?

"बेकन जळून कोळसा झालं तरी याला पत्ता नाही," डिंपना म्हणाली. "आणि लाथा? दहा वर्षं खातेय!"

"नाताळच्या कार्डावर याचं अक्षर हल्ली मुंगीएवढं," मी जोडलं. यातली प्रत्येक गोष्ट मी गावभर हसत सांगितली होती. सगळे तुकडे माझ्याकडे होते. ते जोडले त्या बाईने, दोन भेटींत.

"पार्किन्सन असावा," बाई सावकाश म्हणाल्या. "लिमरिकच्या मोठ्या इस्पितळातले तज्ज्ञ बघतील, मगच गोळ्या. पुढे मी आहेच."

मॅलकीने एकच विचारलं, "म्हणजे शुक्रवार कायमचा गेला?"

"गेला? मंगळवारही सुरू करा! नाच सोडलात तर मी रागावेन."

लिमरिकने तेच सांगितलं. आता गोळ्या ठरल्या वेळी, जेवणाआधी. डिंपना पोलिसासारखी उभी असते.

परवाच्या शुक्रवारी तो हॉलमध्ये आला, पावलं अजून आखूडच. "पडलो तर हसू नकोस हं, बये," मला म्हणाला. अ‍ॅकॉर्डियन सुरू झालं. आणि तो रेंगाळणारा पाय, देवाशपथ, तालावर उचलला गेला! एकदा, पुन्हा, पुन्हा.

तिसऱ्या फेरीत तो चुकून उलटा वळला. बाकीचे सातजण मुकाट त्याच्यामागे उलटे वळले.